दस्तगीर मिस्त्री भिंत वाजवतो

थापीच्या मुठीनं भिंत वाजवतो दस्तगीर मिस्त्री
आणि कान लावून थांबतो,
वॉर्डात डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसा.
मी सीपीआरमधली नाइट उरकून थेट इथं आलेय,
पोटात एक कटवडा, हातात जुन्या कॅलेंडरचं पान,
कोरी बाजू वर.

ठण्ण. म्हणजे चांगली.
बद्द. म्हणजे लिहा ताई, दोन ब्रास.
ठण्ण. ठण्ण. बद्द.
बद्द.
"ही अख्खी उतरवायची," तो म्हणतो,
आणि मी दोनाचे पाच करते.

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या पाठीमागं,
दोन खोल्या, सोपा, वर पत्रा, मागं हातभर परसू.
एजंट चौगुले सांगतो, "रंग मारलाय, नुसतं राहायला या."
रंग ताजा आहे. फारच ताजा.
ना दसरा जवळ, ना घरात लगीन.

मिस्त्री बादलीत पंजा बुडवतो,
ओला हात भिंतीवरून फिरवत जातो,
आणि माझ्या छातीच्या उंचीवर
सावकाश उमटते एक रेघ,
पिवळट, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
"पाण्याइतकी लेव्हल कुठल्या गवंड्याला जमत न्हाई," तो म्हणतो.
चौगुले मोबाइल काढून बघत बसतो.

शिंत्रे वहिनी आतून येतात, पदराला हात पुसत,
कुणी काही विचारलेलं नसताना.
"एकोणीस साली इथवर," हात छातीला.
"एकवीसला इथं," हात कमरेला.
"रंग ह्यांनी मारला. मी नको म्हणत होते."

या वाक्याला काय भाव लावायचा?
पानावर रकाना नाही.

प्लास्टर. वायरिंग, बोर्ड सगळे रेघेच्या वर,
म्हणजे वायर वाढली.
संडासचा पाइप गल्लीतल्या गटारीपेक्षा खाली,
म्हणजे पावसाळ्यात गटार आत,
म्हणजे फरशी उचलायची, म्हणजे शहाबादी फुटणार,
म्हणजे...
सगळ्यात महाग हा "म्हणजे".

प्रसन्नचा फोन, उद्यमनगरातून, मागं लेथ किंचाळतोय.
"किती झालं?"
"सहा चाळीस."
"काल तर चार होतं!"
"काल रंग कोरडा होता."
तो पॅटर्नचं काम करतो. लोखंड निवताना आकसतं
म्हणून साचा मुद्दाम मोठा धरतो, शंभराला एक.
त्याला म्हटलं, तसंच आहे हे,
फक्त इथं पैसा आकसतो. शंभराला पन्नास.
"दीडपट धरा," मिस्त्री मागून बोलतोच आहे,
"माझ्या पोरीचं घर असतं तरी दीडपटच धरलं असतं."

बत्तीस लाख त्यांचे. वर मुद्रांक.
बँक घराला देते, घराच्या दुखण्याला नाही.
माझा फंड, त्याची भिशी, सासूबाईंच्या दोन पाटल्या.
पाटल्या अजून मागितलेल्या नाहीत,
नुसत्या पेन्सिलीनं लिहिल्यात.

निघताना वर बघितलं.
गर्डरला सहा कड्या, बोटाएवढ्या जाड.
पाळण्याला इतक्या कशाला?
"फ्रिजला," वहिनी म्हणाल्या, "दोर लावून वर ओढायचा.
ही मशीनला, ही पिठाच्या डब्याला.
फ्रिजला नायलॉन चालतो. मशीनला सुतीच घ्या, नाहीतर निसटतं.
आणि पाणी मोरीतनं आधी येतं, दारातनं नाही."
त्या घर विकत नव्हत्या. चार्ज देत होत्या,
ड्युटी बदलताना आम्ही देतो तसा:
तीन नंबरला सलाईन हळू, सात नंबर रात्री ओरडतो, घाबरू नको.

मिस्त्री एका कडीला चक्क लोंबकळला, साठीचा माणूस.
गर्डर हूं की चूं नाही.
मी लिहिलं: कड्या सहा, खर्च शून्य.
पानावर तेवढंच पेननं.

दारात चौगुले, "मग टोकन कधी?"
मी म्हटलं, एकोणतीस.
त्यानं हसायला तोंड उघडलं
आणि माझ्या खांद्यावरनं आत बघितलं.
भिंत अजून ओलीच होती.